‘जरा विचारायचंय, मॅडम’

गेल्या फुटबॉल हंगामातील एका सोमवारी, मधली सुट्टी संपून पाचव्या तासाची घंटा झाल्यावर, आमच्या शाळेच्या कार्यालयात दोन पोलीस आले. एक गणवेशात होते, दुसरे साध्या वेशात. आदल्या संध्याकाळी शाहू स्टेडियमवरील सामना सुटल्यानंतर दोन तालमींच्या (पेठांतल्या व्यायामशाळा, ज्यांचे फुटबॉल संघही असतात) समर्थक पोरांत रस्त्यावर जुंपली होती, दगड भिरकावले गेले होते आणि कडेला लावलेल्या दोन मोटारींच्या काचा फुटल्या होत्या. कोल्हापूरच्या पेठांत राहणाऱ्याला यात नवे काही नाही. इथल्या पोराला स्वतःचे आडनाव लिहिता येण्याआधी आपली तालीम कोणती हे सांगता येते.

मुख्याध्यापक बैठकीसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयात गेले असल्यामुळे पर्यवेक्षिका म्हणून कार्यालय माझ्याकडे होते. “जरा विचारायचंय, मॅडम. पाच मिनिटांचं काम आहे,” असे गणवेशातील हवालदार अतिशय सौजन्याने म्हणाले, आणि मीही तितक्याच सौजन्याने शिपायाला दहावी ‘ब’मध्ये पाठवून त्यांना हव्या असलेल्या मुलाला बोलावून घेतले. पुढे जे घडले त्यात त्यांची चूक किती आणि माझी किती, याचा हिशेब मी तेव्हापासून करते आहे आणि तो दर वेळी माझ्याच खात्यावर जास्त निघतो.

भूमितीचा तास चालू असल्यामुळे मुलगा हातात कंपासपेटी घेऊनच आला. हवालदारांनी आपल्या मोबाइलवर एक व्हिडिओ लावला आणि यातले कोण कोण ओळखतोस, असे विचारले. त्याने चार नावे सांगितली. व्हिडिओ पुन्हा लावला गेला, आणि साध्या वेशातील गृहस्थांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारले, “आणि हा?” मुलगा थोडा वाकला, नीट पाहिले आणि हसून म्हणाला, “ह्यो मीच की!” तो हसला, हेच मला आजही सर्वांत जास्त टोचते, आपण व्हिडिओत दिसतो याचा त्या पंधरा वर्षांच्या पोराला किंचित अभिमान वाटला होता. त्यानंतर खोलीतला सूर बदलला. हातात काय होते, दगड कुठून आणला, पहिला दगड कोणी मारला, असे प्रश्न सुरू झाले आणि पाच मिनिटांची चाळीस मिनिटे झाली. अखेर एका फुलस्केप कागदावर चार-पाच ओळी लिहिल्या गेल्या, खाली पाऊण पान कोरे राहिले आणि मुलाला सही करायला सांगण्यात आले. पेन हातात घेऊन त्याने माझ्याकडे पाहिले. “बाई, सही मराठीत करू का इंग्रजीत?” मी म्हणाले, “मराठीत कर.” सव्वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईला त्या क्षणी सुचले ते एवढेच.

संध्याकाळी त्याची आई आली. ती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामावर जाते. वडील मालट्रकवर असल्याने आठ-आठ दिवस बाहेर असतात. ती भांडायला आली असती तर मला सोपे गेले असते. तिने फक्त विचारले, “बाई, तुम्ही हुतासा न्हवं तितं? मग मला एक फोन का न्हाई केलासा?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कसबा बावड्याच्या रस्त्यावरील न्यायसंकुल गाठले. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे वकिली करते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही आहे. सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर तिने मला उलट एकच प्रश्न विचारला : “बाई, त्यांनी त्याला कोण म्हणून विचारलं?” मला प्रश्नच कळला नाही. मुलगा म्हणून, विद्यार्थी म्हणून, आणखी काय म्हणून विचारणार? आज मला वाटते की या विषयातील नव्वद टक्के गोंधळ या एका प्रश्नाचे उत्तर न मागितल्यामुळे होतो. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस प्रश्न विचारतात ते एक तर साक्षीदार म्हणून, किंवा पीडित म्हणून, किंवा ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असे मूल म्हणून. या प्रत्येक बाबतीत कायदा निराळा आहे, हक्क निराळे आहेत आणि पालकांचे स्थानही निराळे आहे. ‘जरा विचारायचंय’ नावाचा चौथा प्रकार कायद्यात नाही. प्रत्यक्षात मात्र सगळा कारभार या चौथ्या प्रकारातच चालतो, कारण त्यात कोणाला कसलीही नोंद करावी लागत नाही.

साक्षीदाराचे आधी सांगते. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पूर्वीच्या कलम १६० चे कलम १७९ झाले. तपास करणारा अधिकारी साक्षीदाराला लेखी आदेशाने आपल्यासमोर बोलावू शकतो. परंतु पंधरा वर्षांखालील मुलाला आणि कोणत्याही स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. कायद्याच्या भाषेत ‘स्त्री’ या शब्दात कोणत्याही वयाची स्त्री येते, त्यामुळे माझ्या वर्गातील प्रत्येक मुलीला हे संरक्षण आहे. हा नियम नवा नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावले गेले तेव्हा त्याच जुन्या कलम १६० वर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ते नियमबाह्य ठरवले. माजी मुख्यमंत्र्यांनाही जे मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले, ते शिरोलीच्या पॅकिंग कामगार बाईला आपोआप मिळेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

आमच्या मुलाला त्या सोमवारी पंधरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. म्हणजे कलम १७९ चे ते संरक्षण दोन महिन्यांनी हुकले होते. साक्षीदार म्हणून पाहिले तर पंधरा ते अठरा या वयाचा मुलगा मोठ्या माणसासारखा धरला जातो, आणि ही फट मला अत्यंत विचित्र वाटते, कारण याच वयातली मुले सामन्याला जातात, गाडीवर तिघे बसतात, स्टेटस ठेवतात आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात सापडतात. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरील स्टेटसवरून आपल्या शहरात कशी दगडफेक झाली आणि इंटरनेट कसे बंद ठेवावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. तरीही लेखी आदेशाची अट या वयाच्या मुलालाही लागू आहेच. शिवाय साक्षीदाराने खरे सांगायचे असले, तरी ज्या उत्तरामुळे तो स्वतःच गुन्ह्यात अडकेल ते उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नाही; कलम १८० मध्ये हे स्पष्ट आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. ‘ह्यो मीच की’ हे उत्तर नेमके त्या उंबरठ्यावरचे होते. चार नावे सांगेपर्यंत मुलगा साक्षीदार होता; त्या तीन शब्दांनंतर तो साक्षीदार राहिला नाही.

आणि तो जे झाला त्यासाठी पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत एक भारदस्त शब्द आहे : विधिसंघर्षग्रस्त बालक. शब्द उच्चारायला अवघड असला तरी त्याच्या मागे उभा असलेला कायदा, म्हणजे २०१५ चा बाल न्याय अधिनियम आणि त्याखालील २०१६ चे आदर्श नियम, मी वाचलेल्या सरकारी मजकुरातील सर्वांत माणुसकीच्या मजकुरांपैकी आहे. अशा मुलाशी व्यवहार करण्यासाठी प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असला पाहिजे, आणि त्याने मुलासमोर गणवेशात न येता साध्या वेशात यायचे असते. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. ताब्यात घेतल्यास प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते आणि त्याच्या पालकांना कळवावेच लागते. ज्या गुन्ह्यांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे, अशा निर्घृण गुन्ह्यांखेरीज किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून गुन्हा केल्याचा आरोप असल्याखेरीज मुलावर प्रथम खबरी अहवालही नोंदवायचा नसतो; स्टेशन डायरीत नोंद करून, मुलाच्या घरच्या परिस्थितीची माहिती जोडून ती मंडळाकडे पाठवायची असते.

चौकशीबाबत तर नियम ८ इतका स्पष्ट आहे की तो वाचताना मला त्या सोमवारची एकेक गोष्ट समोर दिसत होती. मुलाला कबुली देण्यास भाग पाडू नये. विचारपूस विशेष बाल पोलीस पथकाच्या जागेत किंवा पोलीस ठाण्याचा भास होणार नाही अशा बालस्नेही जागेतच करावी. मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. मुलाला कोणत्याही जबाबावर सही करायला सांगू नये. हे शेवटचे वाक्य मी माझ्या विद्यार्थिनीच्या टेबलावर तिच्या पुस्तकात वाचले, आणि माझे ‘मराठीत कर’ मला पुन्हा ऐकू आले. सहीच्या बाबतीत गंमत अशी की साक्षीदार म्हणून पाहिले तरीही उत्तर तेच येते, कारण पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर मोठ्या माणसाचीही सही घ्यायची नसते. ते नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८१ आहे. म्हणजे त्या मुलाला कोणत्याही खुर्चीत बसवले असते तरी तो कागद चूकच होता.

पालकांच्या उपस्थितीबाबत त्याच नियमात एक वाक्य आहे, आणि मला खरे तर या लेखात त्याबद्दलच बोलायचे होते. मुलाची विचारपूस चालू असताना पालक ‘उपस्थित राहू शकतात’, असे ते वाक्य आहे. ‘राहिले पाहिजेत’ असे नाही. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला ‘शकणे’ आणि ‘पाहिजे’ यांतील अंतर चांगले ठाऊक असते. चित्रपटांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून आपली अशी समजूत झालेली असते की आई-वडील नसताना मुलाला एक शब्दही विचारता येत नाही, आणि विचारलाच तर सगळे प्रकरण रद्द होते. आपल्याकडे तसे नाही. पालकांना बसण्याची मुभा आहे. ती वापरायची की नाही हे पालकांवर आहे, आणि ती वापरता येण्यासाठी आपल्या मुलाला कुठे, कोण, काय विचारते आहे हे त्यांना आधी कळले पाहिजे. त्या दिवशी ते कळवणे फक्त माझ्या हातात होते. टेबलावर दूरध्वनी होता, प्रवेशाच्या नोंदवहीत आईचा नंबर होता. शिक्षक हा काही या कायद्याच्या अर्थाने पालक नव्हे, त्यामुळे मी खोलीत होते म्हणजे पालक होते, अशी पळवाटही मला उरत नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. ज्या गावात मूल शाळेत पाठवले नाही म्हणून पालकाला दंड होत असे, त्याच गावात मूल शाळेत पाठवले एवढ्याच कारणाने पालक चौकशीला गैरहजर ठरावेत, हे मला सहन होत नाही.

पीडित मुलांच्या बाबतीत कायदा अधिक ठाम आहे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पीडित मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. जबाबाच्या वेळी आई-वडील किंवा ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे अशी व्यक्ती हजर ठेवायची असते, आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून घेता येत नाही. इथे ‘मुभा’ नाही, थेट कर्तव्य आहे.

“कबुली दिली तरी ती कोर्टात चालत नाही ना? मग काय बिघडलं?” असे मी माझ्या विद्यार्थिनीला विचारले होते, आणि तुमच्यापैकी अनेकजण विचारतील. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही हे खरे आहे. पूर्वी साक्ष अधिनियमाच्या कलम २५ मध्ये ते होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. पण कोठडीतील आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरते ते सांगणे चालते, आणि शेवटी पंचनामे त्याच वाटेने उभे राहतात. त्याहून मोठे नुकसान कागदाबाहेर होते. त्याने सांगितलेल्या चार नावांपैकी तिघे त्याच्याच गल्लीतले होते. आठवडाभर तो तालमीकडे फिरकला नाही, आणि का फिरकत नाही हे त्याने आईलाही सांगितले नाही.

पोलिसांची बाजूही लिहिली पाहिजे, कारण ते हवालदार काही दुष्ट नव्हते. रविवारचा बंदोबस्त संपवून, रात्रपाळी करून ते आले होते. डोळे तांबारलेले होते, आणि वरून आलेल्या यादीत वीस-पंचवीस चेहरे होते. बाल कल्याण अधिकारी कुठे आहेत, असे नंतर ठाण्यात विचारले तेव्हा तेही बंदोबस्तावरच असल्याचे कळले. एका अधिकाऱ्याच्या नावापुढे आणखी एक पदनाम चिकटवले की कायद्याची पूर्तता झाली, असे मानले जाते; त्याला त्या कामासाठी वेळ मात्र कोणी देत नाही. पण म्हणूनच मागणाऱ्याने मागितले पाहिजे.

काय मागायचे, हे आता मला पाठ झाले आहे. कोणत्या प्रकरणात आणि कोण म्हणून बोलावले आहे, लेखी आदेश आहे का, विचारणाऱ्याचे नाव व हुद्दा काय, बाल कल्याण अधिकारी कुठे आहेत. हे विचारणे उद्धटपणा नव्हे, आणि आवाज न चढवताही विचारता येते. मुलाचे वय हा वादाचा मुद्दा झाला तर शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र सर्वांत आधी ग्राह्य धरले जाते, त्यामुळे ते हाताशी ठेवावे. वकिलाची फी परवडत नाही, ही अडचण मुलांच्या बाबतीत कायद्याने ठेवलेलीच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० हा त्यांचा क्रमांक आहे आणि मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे, त्यामुळे वेळ आलीच तर त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. आणि एक गोष्ट बातमीदार मित्रांसाठी : अशा मुलाचे नाव, फोटो किंवा शाळा छापणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. मी या लेखात शाळेचे नाव लिहिले नाही, त्याचे अर्धे कारण ते आहे. उरलेले अर्धे कारण लाज.

एप्रिलमध्ये पुन्हा पोलीस आले, या वेळी नववीतल्या एका मुलासाठी. हवालदार दुसरे होते, वाक्य मात्र तेच होते. मी त्यांना बसायला सांगितले, चहा मागवला, नाव-हुद्दा नोंदवहीत लिहून घेतला आणि मुलाच्या आईला फोन लावला. ती मार्केट यार्डातून केएमटीच्या शहर बसने येईपर्यंत पन्नास मिनिटे गेली. त्या पन्नास मिनिटांत हवालदारांनी तीनदा घड्याळ पाहिले आणि एकदा मला म्हणाले, “मॅडम, एवढं काय नाही हो त्यात.” आई आली, मुलाशेजारच्या खुर्चीवर पदर सावरून बसली. सहा मिनिटांत चार प्रश्न झाले. कागद निघाला नाही.

आधीच्या मुलाच्या कागदाचे काय झाले, ते विचारायला मी माझ्या विद्यार्थिनीला घेऊन ठाण्यात गेले होते. असा कोणताही कागद नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. काचांच्या प्रकरणात त्याचे नाव पुढे कुठेही आले नाही. तो आता अकरावीला आहे, संध्याकाळी पुन्हा तालमीत जातो. रंकाळ्यावर फिरायला गेले की कधीतरी भेटतो, गाडी बाजूला घेतो आणि विचारतो, “बाई, त्यो कागद घावला का ओ?”